सिंथारे पोरांचे उभे केस

ओझोन दिन जवळ आला की शाळांच्या भिंतींवर एक ठरलेलं चित्र लागतं. पृथ्वी रडते आहे, तिच्या छत्रीला भोक पडलं आहे आणि शेजारी गुन्हेगार म्हणून हेअरस्प्रेचा डबा उभा आहे. चित्र काढणारी मुलं गोड असतात, त्यामुळे कोणी काही बोलत नाही. पण या डब्यावर खटला भरायचाच असेल, तर साल आणि देश तरी सांगा. कारण डोक्यावर स्प्रेचे थर चढवूनही या गुन्ह्यातून निर्दोष सुटणारी पोरांची एक अख्खी पिढी मला माहीत आहे. ते होते १९८० च्या दशकातल्या स्वीडनचे सिंथारे.

सिंथारे म्हणजे सिंथेसायझरवरच्या संगीताचे वेडे. जर्मनीचा क्राफ्टवर्क, इंग्लंडचा डिपेश मोड, पुढे बेल्जियमचा फ्रंट २४२ आणि घरचा पेज, हे त्यांचे बँड. अंगात काळे कपडे, पायात जड काळे बूट, काहींच्या डोळ्यांत काजळ. डोक्याच्या बाजू बारीक कापलेल्या आणि माथ्यावर केस उभे. त्यांचं हाडवैर हार्डरॉकवाल्या पोरांशी: लांब केस, घट्ट जीन्स, बिल्ले शिवलेली डेनिमची बंडी. गिटारच नाही ते कसलं संगीत, असा हार्डरॉकवाल्यांचा सवाल असे. गंमत अशी की युरोप या स्वीडिश हार्डरॉक बँडचं जे गाणं १९८६ मध्ये जगभर वाजलं, त्याची सगळ्यांच्या ओठांवर बसलेली सुरुवातीची धून सिंथेसायझरवरचीच आहे. आणि हेअरस्प्रे दोन्ही गोटांत चालायचा.

स्वीडनमध्ये संगीतावरून पोरांची टोळी ओळखायची पद्धत त्याही आधीची. १९४० च्या आसपास स्टॉकहोमच्या नालेन या नाचघरात स्विंग संगीतावर नाचणारे स्विंगप्यात होते: लांब कोट, मानेवर रुळणारे चोपडे केस. त्या नाचघराचा चालक टॉप्सी लिंडब्लूम हा १९१२ च्या ऑलिंपिकमधला तिहेरी उडीचा सुवर्णविजेता. १९५० च्या दशकात मोठ्या अमेरिकन गाड्या आणि रॉक अँड रोलवाले रागारे आले. या दोन्ही पिढ्यांच्या डोक्यावर होतं ते मेण, व्हॅसलीन किंवा तेलपाण्याचं क्रीम. चिकट पदार्थाने केस मागे चापून बसवता येतात. पण त्याचं वजन केसांवरच पडतं आणि तो कधी घट्ट होत नाही, त्यामुळे केस सरळ वर उभे करायला तो फारसा उपयोगाचा नाही.

मग केस उभा राहतो कसा? इथे थोडं गणित येणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद डोळे मिटून ओलांडावेत, पण खरी मजा तिथेच आहे.

केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा दांडा. जाडी साधारण ७० मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा चौदावा भाग. खाली घट्ट रोवलेला दांडा उंच करत नेला, तर एका उंचीनंतर तो स्वतःच्याच वजनाने वाकतो. ही उंची किती, हे इंग्रज गणिती ग्रीनहिल याने १८८१ मध्ये काढलं. त्याला प्रश्न पडला होता झाडांचा आणि डोलकाठ्यांचा, पण सूत्राला डोलकाठी काय आणि केस काय, सारखेच. ताठपणाला घनतेने आणि गुरुत्वाकर्षणाने भागायचं, त्रिज्येच्या वर्गाने गुणायचं, एक ठरावीक आकडा लावायचा आणि घनमूळ काढायचं. कोरड्या केसाचा ताठपणा सुमारे ४ गिगापास्कल आणि घनता पाण्याच्या १.३ पट धरली, तर उत्तर येतं ९ सेंटिमीटर. त्याहून लांब एकटा केस कितीही नेमका उभा धरला तरी टिकणार नाही. केस ओला झाला की ताठपणा निम्म्याहून खाली येऊ शकतो आणि वर पाण्याचं वजन. मग ही मर्यादा सहा-सात सेंटिमीटरवर येते.

आता त्रिज्येचा तो वर्ग पाहा. घनमुळाखाली असल्यामुळे जाडी दुप्पट केली तर उंची दुप्पट होत नाही, साधारण १.६ पट होते. पण केस जाड करणं आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते अनेक केसांचा मिळून एक जाड केस करणं. सत्तावीस केस नुसते शेजारी शेजारी उभे केले तर सत्तावीसही आपापले ९ सेंटिमीटरला वाकतात, कारण वाकताना ते एकमेकांवरून घसरतात. तेच सत्तावीस केस आरपार चिकटवून एक दांडा केला, तर हिशेबाने त्याची मर्यादा तिप्पट होते, २७ सेंटिमीटर. फक्त घसरणं बंद केलं आणि एवढा फरक पडला. स्प्रेमधला पदार्थ केसाला स्वतः ताठ करतो असं अनेकांना वाटतं. त्याचा खरा पराक्रम हा: तो घसरणं थांबवतो.

आणि ते फार थोड्या मालात थांबवतो. डब्यातून निघालेले थेंब केसांच्याच जाडीच्या आसपासचे, मद्यार्कात विरघळलेल्या पॉलिमरचे, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पदार्थाचे. थेंब केसावर पडला की पृष्ठताण त्याला ओढत नेतो, जिथे दोन केस एकमेकांना ओलांडतात किंवा लगटून चालतात त्या खाचेत. तिथे मद्यार्क काही सेकंदांत उडून जातो आणि मागे पॉलिमरचा एक बारका सांधा उरतो. या विषयातले लोक याला वेल्डिंगच म्हणतात: एकाच ठिकाणी असेल तर ठिपक्याचा सांधा, लांबवर असेल तर शिवणीचा. सगळं डोकं लिंपावं लागत नाही. अर्थात सांधे मधून मधूनच असल्यामुळे ते २७ सेंटिमीटर प्रत्यक्षात मिळत नाहीत, पण सिंथारेला तेवढे नकोच होते.

सुरुवातीच्या हेअरस्प्रेत हा पॉलिमर म्हणून काय वापरत? लाख. तीच, पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे तयार करतात ती, आपल्याकडे बांगड्यांना लागणारी. भारत तिचा मोठा उत्पादक. तिचा थर कडक बसायचा, पण धुताना निघता निघत नसे. मग आला पॉलिव्हिनिलपायरोलिडोन, थोडक्यात पीव्हीपी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर रेपे याच्या प्रयोगशाळेतलं हे अपत्य, दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रवाला पर्याय म्हणून सैनिकांच्या शिरांतून गेलेलं. ते पाण्यात सहज विरघळतं, म्हणून धुवायला सोपं. पण त्याच गुणामुळे हवेतलं बाष्पही पितं, मऊ पडतं आणि सांधे सुटतात. उपाय म्हणून त्याच्या साखळीत पाण्याला न भुलणारे व्हिनिल ॲसिटेटचे दुवे गुंफले गेले. भिजू द्यायचं नाही, पण धुतल्यावर निघून जायला हवं, ही दोरीवरची कसरत हेअरस्प्रेचे रसायनशास्त्रज्ञ अजून करत आहेत. जुलैतल्या मुंबईत ती करून दाखवा म्हणावं.

क्रमही महत्त्वाचा. केस ओले असताना केराटिनमधले हायड्रोजन बंध सुटलेले असतात. डोकं खाली करून ड्रायर लावला, की ते उलट्या दिशेनेच पुन्हा जुळतात. मग स्प्रे. आधी स्प्रे आणि नंतर विंचरणं म्हणजे वेल्ड केल्यावर हातोडा मारणं.

जाता जाता एक. यात कुठेही केसाचं ‘पोषण’ होत नाही. त्वचेच्या बाहेर आलेला केस मेलेला असतो, त्याला बदाम, कांदा किंवा चौदा वनौषधी खाऊ घालून काही साधत नाही. ‘केमिकल-फ्री’ स्प्रे विकणाऱ्याकडून तर रिकामा डबासुद्धा घेऊ नये, कारण त्यात हवा असेल आणि हवाही रसायनच.

आता खटल्याकडे. डब्यातून हे सगळं बाहेर ढकलायला वायू लागतो, आणि तो दाबाखाली द्रव होणारा असावा लागतो. मग अर्धा डबा रिकामा झाला तरी उरलेला द्रव उकळून दाब तेवढाच राखतो. १९७० च्या दशकापर्यंत हे काम क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी करत. वास नाही, पेट घेत नाहीत, कशाशी प्रक्रिया करत नाहीत. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की हा शेवटचा गुणच घातक आहे. खालच्या हवेत काहीच त्यांना मोडत नाही, म्हणून ते स्थितांबरापर्यंत, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या वरच्या हवेपर्यंत पोचतात. तिथे अतिनील किरणांनी क्लोरीनचा अणू सुटतो, तो ओझोनचा एक ऑक्सिजन ओढून घेतो, नंतर तो दुसऱ्या ऑक्सिजन अणूला देऊन स्वतः मोकळा होतो आणि पुढच्या ओझोनला धरतो. असा एक अणू ओझोनचे लाखभर रेणू संपवू शकतो. या दोघांबरोबर १९९५ चं नोबेल मिळालेले पॉल क्रुत्सेन स्टॉकहोमच्या विद्यापीठात वाढलेले. ते तिथल्या हवामानशास्त्र विभागात प्रोग्रॅमर म्हणून लागले होते.

आणि स्वीडनने ते ऐकलं. जानेवारी १९७८ मध्ये सीएफसीच्या स्प्रेवर बंदी जाहीर करणारा तो जगातला पहिला देश. १९७९ पासून ती लागू झाली. अंटार्क्टिकावरचं प्रत्यक्ष भोक जगासमोर आलं १९८५ मध्ये, सीएफसीला आळा घालणारा माँट्रियल करार झाला १९८७ मध्ये. १९८४ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला सिंथारे माथ्यावर स्प्रे मारायला लागला, तेव्हा त्याच्या देशात ही बंदी पाच वर्षं जुनी होती. ज्या इंग्लिश बँडची नक्कल तो करत होता, त्यांच्या देशात सीएफसीचे डबे त्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत विकले जात होते. या सीएफसींपैकी एक, सीएफसी-१२, हवेत सरासरी शंभर वर्षं टिकतो. तेव्हा लंडनमध्ये उडालेल्या फवाऱ्यातले त्याचे दोन तृतीयांश रेणू आजही वर आहेत.

सीएफसीच्या जागी आले ब्यूटेन, आयसोब्यूटेन आणि प्रोपेन. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये मुख्यतः हेच असतात, म्हणून स्प्रे मारताना जवळ काडी ओढू नये. हे वायू काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत खालच्या हवेतच मोडतात, स्थितांबराला हात लावत नाहीत. मात्र मोडताना, उन्हात आणि गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडच्या संगतीत, जमिनीलगत थोडा ओझोन तयार करतात. म्हणजे आजचा स्प्रे ओझोन खात नाही, उलट बनवायला मदत करतो, आणि तोही नेमका आपल्या नाकासमोर, जिथे ओझोन फुप्फुसांना त्रास देतो.