८०८५ चं किट आणि टीआय-८४ प्लस: ओपकोड तेच, शेवट वेगळा

पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही सांगा, टीआय-८४ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर थेट असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरची स्वतःची भाषा, लिहिता येते. उत्तर ठरलेलं: "त्यात काय, ८०८५ केलंय की आम्ही!" मग भाचीला आयबी या शालेय अभ्यासक्रमासाठी घेतलेला कॅल्क्युलेटर मामा हातात घेतो आणि तिचे सगळे प्रोग्रॅम उडवून परत करतो.

कॉलेजच्या लॅबमधलं ८०८५ प्रोसेसरचं किट तुम्हाला पाठ आहे: पत्ता, ओपकोड (म्हणजे आज्ञेचा आकडा), नेक्स्ट, नेक्स्ट. कॅल्क्युलेटरमध्ये १९७६ चा झेड-८० प्रोसेसर आहे. दोघांचं मूळ ८०८० हा जुना प्रोसेसर, त्यामुळे ३ई ०५ नं ॲक्युम्युलेटरमध्ये (प्रोसेसरच्या मुख्य रजिस्टरमध्ये) ५ जातात, इथेही आणि तिथेही. ८०८५ च्या एमव्हीआय या आज्ञेला इथे एलडी म्हणतात, इतकंच. कॅटलॉगमधून ‘एएसएम-पीआरजीएम’ हे टोकन पहिल्या ओळीत घ्यायचं, खाली हेक्स, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ वापरून लिहिलेले हे आकडे, टाइप करायचं.

गोची आहे ती शेवटात. किटवर काम झालं की तुम्ही ७६, म्हणजे एचएलटी, टाकता. काही किटांवर आरएसटी ५, म्हणजे ईएफ. कॅल्क्युलेटरवर तुमचा प्रोग्रॅम ही ओएसनं, म्हणजे त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमनं, कॉल केलेली सबरूटीन असते; काम संपवून तिला परत जायचं असतं. ओएस तुमचे बाइट ९डी९५ वर ठेवते आणि तिथे कॉल करते. तेव्हा शेवट सी९ नेच, रिटर्न.

७६ टाकलंत तर झेड-८० थांबतो, पण पुढचा इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच तोडणारा इशारा, येईपर्यंतच. टायमरचे इंटरप्ट इथे सतत येत असतात. तो आटोपला की प्रोसेसर ७६ च्या पुढच्या बाइटवर जातो आणि मेमरीत जे पडलं असेल ते चालवत सुटतो. इंटरप्ट बंद केले असतील तर उलटंच: कायमचा गोठतो, बॅटरी काढा. ईएफचं दुखणं आणखी निराळं. इथे ईएफ म्हणजे ओएसच्या रूटीनला बोलावणं, आणि त्यामागचे दोन बाइट हा रूटीनचा क्रमांक, आधी खालचा बाइट. शेवटी नुसतं ईएफ ठेवलंत तर पुढचा कचराच क्रमांक ठरतो. नीट वापरलं तर असं:

२१०५००
ईएफ०७४५
सी९

‘एएसएम(’ नं चालवा, पडद्यावर ५. पहिली ओळ तुमची एलएक्सआय एच, म्हणजे एचएल या रजिस्टर-जोडीत ५ भरणं. दुसरी एचएलमधला आकडा छापणारं ४५०७ क्रमांकाचं रूटीन.

२० आणि ३० सुद्धा सांभाळा. ८०८५ वरच्या तुमच्या रिम आणि सिम या आज्ञा इथे सशर्त उड्या आहेत, म्हणजे अट जुळली की प्रोग्रॅम दुसऱ्या पत्त्यावर जातो.

‘हेक्स तोंडपाठ आहे’ म्हणून कागदाला हात न लावणाऱ्यांचा मला भारी राग येतो. इथे मध्येच एक बाइट घुसवला की पुढचे पत्ते सरकतात, आणि ते तुम्हीच मोजायचे. किटचं रीसेट दाबलं तरी रॅममधला प्रोग्रॅम राहतो. इथे घोटाळा झाला की बहुतेक वेळा ‘रॅम क्लिअर्ड’. चालवण्याआधी सगळं आर्काइव्हमध्ये हलवा, ती फ्लॅश मेमरी आहे.

भाचीकडे टीआय-८४ प्लस सीई असेल तर यातलं काही चालणार नाही. त्यात ईझेड-८० आहे, टोकन वेगळं, आणि ५.५ पासूनच्या ओएसमधून ही सोयच काढून टाकली आहे.