स्वराज्य (संकल्पनेचा अर्थविकास)

स्वराज्य : मराठी राजकीय शब्दसंग्रहातील एक जुनी संज्ञा. ‘राज्य’ कायम राहिले. बदलत गेला तो त्यातला ‘स्व’.

गणपतीच्या आरतीनंतर म्हटल्या जाणाऱ्या मंत्रपुष्पांजलीत साम्राज्य, भौज्य यांच्या पंक्तीला ‘स्वाराज्य’ येते. तिथे ते राजाच्या सत्तेच्या अनेक प्रकारांपैकी एक आहे. प्रजेचा त्यात संबंध नाही.

शिवकाळाशी हा शब्द कायमचा जोडला गेला असला, तरी ‘हिंदवी स्वराज्य’ हे शब्द ज्या पत्रामुळे प्रसिद्ध आहेत त्याच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. अठराव्या शतकात मात्र स्वराज्याला रोखठोक महसुली अर्थ होता. पेशवे बाळाजी विश्वनाथांनी 1719 मध्ये दिल्लीहून तीन सनदा आणल्या : चौथाईची (महसुलाच्या चौथ्या हिश्श्याची), सरदेशमुखीची (आणखी दहाव्या हिश्श्याची) आणि स्वराज्याची. यातले स्वराज्य म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनसमयी त्यांच्या ताब्यात असलेला मुलूख. त्याच्या उलट शब्द ‘पारतंत्र्य’ नव्हे, ‘मोगलाई’, म्हणजे मोगलांचा मुलूख. आणि या स्वराज्याला मान्यता होती ती मोगल बादशहाचीच, हे आज वाचताना चमत्कारिक वाटते.

1906 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये दादाभाई नौरोजींनी स्वराज्याचे माप ठरवताना ब्रिटन आणि त्याच्या स्वशासित वसाहतींकडे बोट दाखवले. टिळकांनी ‘जन्मसिद्ध हक्क’ म्हणून ते घरोघर पोचवले. तरी 1916 च्या होमरूल चळवळीतली त्यांची मागणी साम्राज्यांतर्गत स्वराज्याचीच होती. गांधीजींनी 1909 मध्ये ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना ‘स्व’ थेट माणसाच्या मनात नेला : स्वतःवर राज्य करणे ते स्वराज्य. 1923 चा स्वराज्य पक्ष त्याच नावाने कायदेमंडळात शिरून सरकारची अडवणूक करू लागला. शब्द इतका सैल झाला, की डिसेंबर 1929 मध्ये लाहोर काँग्रेसला त्याआधी ‘पूर्ण’ हे विशेषण लावावे लागले.

स्वातंत्र्यानंतर ही संज्ञा सरकारी मराठीत टिकली ती ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ या रूपात. म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका : पाणी, गटारे, घरपट्टी. 1992 च्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्त्यांनी त्यांना घटनात्मक दर्जा दिला. निवडणुका रखडल्यामुळे 2022 पासून काही वर्षे मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांवर सरकारने नेमलेले प्रशासक होते. कागदोपत्री त्या काळातही त्या स्थानिक स्वराज्य संस्थाच होत्या.