टर उडवायची, पण कोणासमोर?

विसाव्या शतकाच्या मध्यावर सॅन फ्रान्सिस्को शहरात एक नियम होता: फसवण्याच्या हेतूने दुसऱ्या लिंगाचा पोशाख करणं हा गुन्हा. हॅलोविनच्या रात्री पुरुषांनी बायकांचे कपडे घातले तर पोलीस काणाडोळा करत. मध्यरात्र उलटली की त्याच कपड्यांसाठी धरपकड सुरू. 'ब्लॅक कॅट' नावाच्या बारमध्ये गाणाऱ्या होझे सारिया यांनी यावर तोड काढली. त्यांनी हाताने बिल्ले बनवून वाटले. त्यावर लिहिलेलं, 'मी मुलगा आहे'. पोलिसाने अडवलं की गाऊनवर टाचलेला बिल्ला दाखवायचा. स्वतःच लिहून जाहीर केल्यावर फसवण्याचा हेतू उरतो कुठे?

बाहेरचा माणूस हिणवून जे ओरडणार, तेच आधी आपण लिहून छातीवर लावायचं. एलजीबीटी समुदायाच्या विनोदात ही युक्ती पुन्हा पुन्हा भेटते. स्वतःची टर उडवणं हे इथे नुसतं मनमोकळेपणाचं लक्षण कधीच नव्हतं. त्यातून काय मिळणार आणि काय गमावणार, हे समोर कोण बसलंय यावर ठरत आलं आहे.

सारियांपुढे बसलेले लोक त्यांचेच होते. ब्लॅक कॅटमध्ये ते ऑपेरांची विडंबनं करत. त्यांची कार्मेन, म्हणजे त्याच नावाच्या ऑपेराची नायिका, सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये लपतछपत फिरायची, कारण पोलीस तिच्या मागावर असायचे. प्रेक्षकांतले कित्येक जण तसेच लपतछपत बारपर्यंत पोचलेले. शेवटी सगळे हातात हात गुंफून ब्रिटिश राष्ट्रगीताच्या चालीवर एक गाणं म्हणत. त्यात राणीऐवजी 'आम्हा बायल्या राण्यांचं' रक्षण कर, अशी देवाची आळवणी असे. बायल्या ही शिवी होती आणि तीच सगळे मिळून राष्ट्रगीताच्या थाटात गात होते. १९६१ मध्ये सारिया शहराच्या लोकप्रतिनिधी मंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले. आपण गे आहोत हे न लपवता अमेरिकेत निवडणूक लढवणारे ते पहिलेच. ते हरले, पण पाच हजारांहून जास्त मतं पडली. इतके मतदार आहेत हे तेव्हा पहिल्यांदाच सगळ्यांना कळलं.

तोच हजरजबाबीपणा चुकीच्या जागी दाखवला तर काय होतं, ते लंडनच्या न्यायालयाने १८९५ मध्येच दाखवलं होतं. एका तरुण नोकराचं चुंबन घेतलं होतं का, असं विचारल्यावर नाटककार ऑस्कर वाइल्ड म्हणाले, छे, तो दिसायला फारच सामान्य होता. दिवाणखान्यात या वाक्यावर टाळ्या पडल्या असत्या. इथे विरोधी वकील एडवर्ड कार्सन यांनी ते पकडलं आणि सोडलंच नाही: त्याच्या रूपाचा उल्लेख का केलात? पुढे पुरुषांशी संबंध ठेवल्याबद्दल वाइल्ड यांना दोन वर्षं सक्तमजुरी झाली. ती काही या एका वाक्यामुळे नाही, पण त्या दिवशी त्यांच्या विनोदाने त्यांचा घात केला.

त्याच ब्रिटनमध्ये पुढची अनेक दशकं समलैंगिक पुरुषांमध्ये 'पोलारी' ही सांकेतिक बोली चालली. नाटकवाले, खलाशी, सर्कशीतले लोक अशा अनेकांकडून उचललेल्या शब्दांची ती खिचडी होती. तिच्यात पोलिसाला 'लिली लॉ' म्हणत. ज्याच्या भीतीने जीव मुठीत धरायचा, त्याला चारचौघांत बाईचं नाव द्यायचं आणि त्याला पत्ताही लागू द्यायचा नाही. आपसातही एकमेकांना स्त्रीलिंगी नावंच दिली जात, म्हणजे पोलिसाला आणि स्वतःला एकच माप.

१९६५ ते १९६८ या काळात बीबीसी रेडिओच्या 'राउंड द हॉर्न' कार्यक्रमामुळे ही बोली घराघरांत गेली. केनेथ विल्यम्स आणि ह्यू पॅडिक यांनी साकारलेले ज्युलियन आणि सॅंडी दर भागात नवा धंदा काढून बसायचे. एकदा ते वकील झाले. अशील विचारतो, माझी केस घ्याल का? उत्तर येतं, बघावं लागेल, आमचा बहुतेक वेळ क्रिमिनल प्रॅक्टिसमध्येच जातो. १९६७ च्या जुलैपर्यंत पुरुषांमधले समलैंगिक संबंध हा इंग्लंडमध्ये खरोखरच गुन्हा होता. रविवारी दुपारी सहकुटुंब रेडिओ ऐकणाऱ्यांना वकिलीचा विनोद ऐकू आला, आणि ज्यांना दुसरा अर्थ कळायचा त्यांना तो कळला. एकाच वाक्यावर दोन वेगळ्या कारणांनी हसू. मला विचाराल तर या साऱ्या परंपरेतला हा सर्वांत कसबी नमुना आहे.

कायदा बदलला, चळवळ उभी राहिली आणि नव्या पिढीला हे सगळं खटकू लागलं. १९७० नंतरच्या तरुण कार्यकर्त्यांना नखरे, स्त्रीलिंगी नावं, स्वतःला दिलेल्या शिव्या यांत जुनी लाज दिसत होती. 'द बॉइज इन द बँड' हे नाटक १९६८ मध्ये न्यूयॉर्कला रंगमंचावर आलं, तेव्हा समलैंगिक मित्रांचं टोळकं असं उघडपणे दाखवणं हेच धाडस होतं. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या गे बारवर पोलिसांनी धाड घातली आणि लोक उलटून उभे राहिले, तो उठाव जून १९६९ चा. त्यानंतर त्याच नाटकातले एकमेकांवरचे विखारी टोमणे अनेकांना नकोसे झाले. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण त्याच स्टोनवॉलच्या रस्त्यावर काही तरुणांनी दंगलविरोधी पोलिसांसमोर रांग धरली, नर्तिकांसारखे पाय उडवले आणि 'आम्ही स्टोनवॉलच्या पोरी' असं गाणं म्हटलं. लढा आणि थट्टा वेगळी काढायला जावं, तर पहिल्याच रात्रींची आठवण आडवी येते.

मानवशास्त्रज्ञ एस्थर न्यूटन यांनी १९६० च्या दशकात ड्रॅग कलाकारांमध्ये, म्हणजे बायकांच्या वेशात मंचावर येणाऱ्या पुरुषांमध्ये, राहून अभ्यास केला. १९७२ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकातलं निरीक्षण थोडक्यात असं: आपल्या विसंगत परिस्थितीवर रडण्याऐवजी हसण्याची ही एक रीतच आहे. लाजेचा प्रश्न त्यांनी टाळला नाही. ज्या जखमेवर हसायचं ती खरी असते आणि हसल्याने भरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलैंगिकांच्या बॉलरूममध्ये, म्हणजे नटूनथटून उतरायच्या स्पर्धांमध्ये, तर एकमेकांची फिरकी घेण्याचं शास्त्र झालं होतं. 'पॅरिस इज बर्निंग' या १९९० च्या माहितीपटात बुजुर्ग ड्रॅग कलाकार डोरियन कोरी आरशासमोर बसून, मेकअप करता करता त्याचे नियम समजावतात. बाहेरच्याशी होते ती नुसती भांडाभांडी. खरी फिरकी आपल्यासारख्याचीच घेता येते. कारण दोघंही कृष्णवर्णीय आणि दोघंही 'क्वीन' असतील, तर एकमेकांना तसं म्हणणं हा टोमणा होत नाही, ती वस्तुस्थिती झाली. मग नाकाडोळ्यातली, चालीतली, कपड्यातली बारीक खोट शोधावी लागते. जगाने दिलेली मोठी शिवी इथे आपोआप बाद होते, आणि माझ्या मते याहून मोठा दिलासा दुसरा नसावा.

मग एड्स आला. जून १९८१ मध्ये पहिली वैद्यकीय नोंद छापली गेली. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'सिस्टर्स ऑफ पर्पेच्युअल इंडल्जन्स' या नन्सच्या वेशात फिरणाऱ्या मंडळींनी सुरक्षित संभोगावर पत्रक काढलं, चावट आणि रोखठोक भाषेत. सर्वांत काळा विनोद मात्र 'डिसीज्ड पराया न्यूज' या १९९० मध्ये सुरू झालेल्या छोट्या नियतकालिकात सापडतो. काढणारे स्वतः एचआयव्हीबाधित होते. अंग झडत चाललेल्या वाचकांसाठी त्यात पाककृतींचं सदर होतं, त्याचं नाव 'लठ्ठ व्हा, मरू नका!' मधल्या पानावर देखण्या पुरुषाचं उघडं छायाचित्र, तेही बाधित माणसाचंच, आणि त्याच्या माहितीत टी-पेशींची, म्हणजे हा विषाणू ज्या रोगप्रतिकारक पेशी संपवतो त्यांची संख्या. हाच मजकूर निरोगी माणसाने छापला असता तर तो क्रूरपणा ठरला असता. संस्थापकांपैकी दोघे एड्सनेच गेले.

लेस्बियन स्त्रियांवर शतकभर एकच आरोप: यांना विनोदबुद्धी नसते. त्याला उत्तर म्हणून मंचावर आलेल्या ली डिलेरिया यांचा एक विनोद आता सार्वजनिक मालमत्ता झाला आहे. लेस्बियन बाई दुसऱ्या भेटीला काय घेऊन येते? सामान हलवायचा ट्रक. डिलेरिया १९९३ मध्ये अमेरिकी टीव्हीच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात उघडपणे लेस्बियन म्हणून आल्या, आणि घरातला विनोद दिवाणखान्यात आला.

पाव शतकानंतर, २०१८ मध्ये हॅना गॅड्सबी या ऑस्ट्रेलियन लेस्बियन विनोदी कलाकाराने 'नॅनेट' या एकपात्री कार्यक्रमात नेमकं इथेच बोट ठेवलं. जो आधीच कडेला ढकललेला आहे, त्याने बोलायची परवानगी मिळावी म्हणून स्वतःला खाली पाडून दाखवणं ही नम्रता नव्हे, मानहानी आहे, असं त्यांचं म्हणणं. मानसशास्त्रात रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या होत्या. त्यातली एक संकटात स्वतःला सावरणारी, दुसरी लोकांना हसवण्यासाठी स्वतःला तुडवणारी. दुसरीचं नातं नैराश्याशी आणि खालावलेल्या आत्मसन्मानाशी दिसतं. विभागणी उपयोगी आहे, पण सारियांचा बिल्ला तिच्या कुठल्या रकान्यात टाकायचा, ते मला ठरवता येत नाही.

इंटरनेटवर थट्टेचे विषयच बदलले. बायसेक्शुअल (स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण वाटणाऱ्या) लोकांना खुर्चीत सरळ बसता येत नाही, असेक्शुअल (लैंगिक आकर्षणच न वाटणाऱ्या) लोकांना कशाहीपेक्षा केक प्यारा, आणि २०१७ च्या प्राइड महिन्यात, म्हणजे समुदायाच्या उत्सवाच्या जूनमध्ये, तर भयपटातला बाबाडूक हा भूतच गे असल्याचं परस्पर ठरलं. खुर्चीवरून कोणी कधी कोणाला वाळीत टाकलेलं नाही. म्हणूनच हे विनोद बाहेर गेले तरी कोणाच्या हाती दगड देत नाहीत.

जुने दगड अजून आतच फिरतात. बायसेक्शुअल माणसाचं 'अजून ठरत नाही' ही थट्टा गे मित्रांच्या मैफलीतही सर्रास होते, आणि करणारा म्हणतो, आपल्यातलीच गंमत आहे. कोरींच्या कसोटीवर ही फिरकी टिकत नाही. ती करणाऱ्याला स्वतःला तो आरोप कधी ऐकावा लागलेला नसतो.