साल्बाख-लेओगांगच्या सायकलवाटा : पार्श्वभूमी

ऑस्ट्रियाचा वनकायदा १९७५चा आहे. त्याच्या कलम ३३ने कोणालाही जंगलात पायी हिंडायची मोकळीक दिली. वाहन नेणे, घोडा नेणे, तंबू ठोकणे, अंधार पडल्यावर मुक्काम करणे यांना मात्र मालकाची संमती लागते. जंगलरस्ता असेल तर त्याची देखभाल करणाऱ्याची. तेव्हा माउंटन बाइक नावाची वस्तू बाजारात नव्हती. तरीही सायकल ‘वाहन’ या शब्दात अडकली आणि आजही तिथेच आहे. साल्ट्सबुर्ग प्रांतातल्या ग्लेम्टाल खोऱ्यात, म्हणजे साल्बाखच्या खोऱ्यात, आणि डोंगराच्या पलीकडच्या लेओगांगमध्ये आज जे ट्रेल, म्हणजे सायकलवाटा, दिसतात, त्यांची जागा, रुंदी, वळणे आणि उघडण्या-बंद होण्याच्या वेळा यांचा उगम बराचसा या एका कलमात आहे.

आधी जमीन पाहू. लेओगांगच्या उत्तरेला चुनखडीचे उभे कडे आहेत. तिकडे सायकलला काही काम नाही. दक्षिणेला आसित्स (१,९१४ मीटर) आणि त्यामागे ग्लेम्टालचे गोलसर, माथ्यापर्यंत गवताळ डोंगर. हा पट्टा ठिसूळ, पापुद्र्यांच्या खडकाचा. तो झिजून चिकणमाती होते. कुदळीला ही माती सोपी, कोरडी असताना चाकालाही छान धरते. पण पाऊस झाला की तिचा चिखल होतो आणि दिवसेंदिवस वाळत नाही. याच गवताळ उतारांवर आधी गाई चरल्या, मग स्कीचा धंदा उभा राहिला. साल्बाखने १९९१ साली आल्पाइन स्कीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली, २०२५ मध्ये पुन्हा. म्हणजे सायकल येण्यापूर्वीच इथे दोन गोष्टी तयार होत्या : वर नेणारे पाळणे (रोपवे), आणि शेतकऱ्यांशी जमिनीबाबत करार करायची सवय. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची ठरली.

सायकलीची बाजू कॅलिफोर्नियाची. मरीन काउंटीत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी जुन्या जाड टायरच्या सायकलींची पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. त्या सायकलींना मागच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच, ब्रेक असे. उतरताना तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले : ‘रीपॅक’ म्हणजे पुन्हा भरणे.

आल्प्समध्ये हाच प्रश्न मोठ्या मापात उभा राहिला. शाटबेर्गचा माथा २,००० मीटरच्या थोडा वर, साल्बाख गाव सुमारे १,००० मीटरवर. स्वार आणि सायकल मिळून ९५ किलो धरले, तर एवढ्या उतरणीत सुमारे ९३० किलोजूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पावणेतीन लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला तेवढी पुरते. काही भाग हवा आणि टायर खातात, उरलेली सगळी ब्रेकची डिस्क आणि तिला घासणाऱ्या पॅडवर येते. म्हणून या उतारांवर पुढे किमान २०० मिलिमीटरची डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) हवे. सेंद्रिय पॅड फार तापले की त्यांच्यावर काचेसारखा थर येतो आणि पकड जाते. धातुमिश्रित पॅड उष्णता जास्त सोसतात, आवाज करतात. डॉट ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि मग नेमके तळाच्या वळणांवर ऑइलमध्ये बुडबुडे होऊन लिव्हर हँडलबारला टेकतो. ब्रेक सतत हलका दाबून ठेवणारा नवखा इथे पहिला अडकतो. थोडा वेळ जोरात दाबून पूर्ण सोडले, की डिस्कला थंड व्हायला सवड मिळते.

जंगल बंद, पाळणे उन्हाळ्यात रिकामे. त्यातून निघालेली वाट म्हणजे बाइक पार्क : पाळण्याने वर जायचे आणि बांधलेल्या ट्रेलवरून सायकलने उतरायचे. लेओगांगचा पार्क २००१ मध्ये सुरू झाला. स्कीच्या उताराखालची जमीन आधीपासून करारात होती, त्यामुळे परवानगीसाठी अनोळखी दारे ठोठवायची गरज कमी होती. ट्रेल मात्र बहुतेक ठिकाणी उताराच्या कडेने किंवा लगतच्या झाडीतून न्यावे लागतात, कारण मोकळ्या उतारावर खाली कृत्रिम बर्फाचे पाइप असतात आणि हिवाळ्यात मातीचे उंचवटे बर्फ सपाट करणाऱ्या यंत्रांच्या आड येतात.

मग शर्यती आल्या. २०१० मध्ये डाउनहिलचा, म्हणजे निव्वळ उतारावरच्या शर्यतीचा, विश्वचषक, २०१२ मध्ये शेजारच्या झालफेल्डेनसह जागतिक अजिंक्यपद. जून २०१५ मध्ये अमेरिकेच्या आरन ग्विनची साखळी सुरुवातीलाच तुटली आणि तरी तो जिंकला. पॅडल न मारता जिंकता येते याचा अर्थ ट्रॅकवर वेग साठवता येतो : वळणांचे बांध उंच आणि गोल, उंचवट्यांचे अंतर जुळलेले. हा यंत्राने घडवलेल्या ट्रॅकचा गुण. त्याच डोंगराने ऑक्टोबर २०२०च्या अजिंक्यपदात उलटे रूप दाखवले. झाडीतून नवा, मुळांनी भरलेला तीव्र तुकडा जोडला होता. पावसाने त्यात खोल चाकोऱ्या पडल्या. ब्रिटनचा रीस विल्सन आणि स्वित्झर्लंडची कामिय बालांश तिथे जिंकले. आधी सांगितलेली चिकणमाती ती हीच.

ट्रेल बांधणे म्हणजे आधी पाण्याची व्यवस्था करणे. सह्याद्रीत पाऊस पायवाटेची नाळ कशी करतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. जगभर वापरला जाणारा ठोकताळा असा : वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. उतार ४० टक्के असेल तर वाट २० टक्क्यांच्या आत, आणि एकूण सरासरी १० टक्क्यांच्या आसपास. हे मोडले की पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेतूनच वाहते. वाटेला दरीच्या बाजूला साधारण ५ टक्के कल द्यायचा आणि ठरावीक अंतराने छोटा उलटा चढ, म्हणजे पाणी तिथे बाहेर पडते.

काम दीड-दोन टनांच्या छोट्या पोकलेनने होते. वरची गवताची माती आधी सोलून बाजूला ठेवायची. ती बांधात गेली तर मुळे कुजतात आणि बांध बसतो. बर्म, म्हणजे वळणाचा बांध, खालच्या खनिज मातीने, १५-२० सेंटिमीटरचा एकेक थर ओलसर असताना चोपत उभारायचा. सोललेली माती शेवटी उघड्या कापावर परत टाकून बी पेरायचे. वर उन्हाळा इतका छोटा असतो की ऑगस्टअखेरीस पेरलेले गवत हिवाळ्यापूर्वी नीट रुजत नाही आणि बर्फ वितळताना काप सुटतो.

सर्वांत हट्टी दुखणे म्हणजे वळणाआधीचे ब्रेकिंग बंप, ब्रेक दाबल्याने वाटेवर पडणारे खळगे. चाक उसळते, पकड सुटते, पुन्हा टेकते, आणि त्या लयीत जमिनीवर लाटा कोरल्या जातात. खळग्यांत वरून सुटी माती टाकली तर दोन-तीन दिवसांत उडून जाते. पूर्ण खोलीपर्यंत खणून, भिजवून, पुन्हा चोपावे लागते. खरा उपाय आखणीतच असतो : वळणाच्या तोंडाशी वाट किंचित वर न्यावी, म्हणजे वेग आपोआप उतरतो आणि ब्रेकची गरजच कमी पडते.

पार्कबाहेर मात्र प्रत्येक वाटेला करार लागतो. शेजारच्या टिरोल प्रांताने १९९७ मध्ये यासाठी नमुना घालून दिला : जमीनमालक आणि गाव किंवा पर्यटन संघटना यांचा लेखी करार, मालकाला मोबदला, आणि दायित्वाचा विमा प्रांताकडून. विमा हा त्यातला कळीचा भाग आहे. ऑस्ट्रियाच्या नागरी संहितेत वाट सांभाळणाऱ्यावर घोर निष्काळजीपणाची जबाबदारी येते, आणि एका अपघाताचा दावा लहान शेतकऱ्याला परवडत नाही.

वेळेची अट शिकारीमुळे येते. हरणे पहाटे आणि सांजेला कुरणात चरायला निघतात. त्या वेळी माणसे फिरू लागली की ती झाडीत दबून राहतात आणि भुकेने कोवळ्या झाडांची साल सोलतात. मालकाचे दोन्हीकडून नुकसान : लाकूड खराब होते आणि शिकारीचा हक्क भाड्याने घेणारा नाराज होतो. ‘संध्याकाळनंतर बंद’ ही पाटी म्हणूनच पाळायला हवी. ती मोडणाऱ्या थोड्यांमुळे पुढचा करार अडतो.

स्वित्झर्लंडमध्ये पाया वेगळा. तिथल्या नागरी संहितेचे कलम ६९९ जंगल आणि कुरण सर्वांना खुले ठेवते, त्यामुळे तिथल्या ग्राउब्युंडेन प्रांतात चालणारे आणि सायकलवाले बऱ्याच ठिकाणी एकच जुनी वाट वापरतात. ग्लेम्टालमध्ये सायकलीसाठी वेगळी वाट खणण्याची पद्धत रुजली ती याच्या उलट कारणाने.

बॅटरीवरच्या सायकलींनी आता चढावरचीही गर्दी वाढवली आहे. पूर्वी पाळण्याने वर जाणारे जंगलरस्त्यांनी स्वतः चढू लागले, आणि ते रस्तेही कलम ३३खालीच येतात. सगळे जंगलरस्ते सायकलींना खुले करा, अशी नातुरफ्रॉइंडे (‘निसर्गमित्र’) ही संघटना अनेक वर्षे मागणी करत आहे. मालक तिला तोडीचा हंगाम, लाकडाचे ट्रक आणि दायित्व ही तीन उत्तरे देतात. यांतल्या दायित्वाच्या प्रश्नाला टिरोलच्या विम्याने मार्ग दाखवला आहे. तोडीच्या दिवसांत रस्ता तात्पुरता बंद ठेवायची सोय करारात लिहिता येते. शिकारीचे भाडे कोणी भरून द्यायचे, यावर अजून एकमत नाही.