‘.गिटइग्नोर’मध्ये नाव घातले, तरी फाइल दिसतच राहते: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गिट ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली आहे. तिच्यातली प्रत्येक नोंद म्हणजे कमिट, काय बदलले हे दाखवते ती स्टेटस, आणि कोणत्या फाइली वगळायच्या याची यादी असते ती .गिटइग्नोर फाइल. आमच्याकडे कोड देखभालीला देणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ग्राहकाचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘.गिटइग्नोरमध्ये फाइलचे नाव घातले आहे, तरी ती स्टेटसमध्ये बदललेली दिसते आणि कमिटमध्येही जाते. असे का?’ त्याचे उत्तर येथे एकदाच सविस्तर देत आहोत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप कराव्यात. मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

मूळ गैरसमज

.गिटइग्नोर फक्त गिटने अजून हाती न घेतलेल्या फाइलींना लागू होते. फाइल एकदा ‘गिट ॲड’ होऊन इंडेक्समध्ये (पुढच्या कमिटसाठी गिट धरून ठेवते त्या फाइलींच्या यादीत) बसली की ती ट्रॅक केलेली फाइल झाली, आणि मग इग्नोरच्या ओळीचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही. हे मुद्दाम असेच ठेवलेले आहे. तसे नसते, तर कोणी ‘*.लॉग’सारखी सैल ओळ टाकताच त्या नावाच्या कामाच्या फाइलींमधले बदलही कमिटमधून गुपचूप गळू लागले असते.

बहुतेक वेळा घडते ते असे: प्रकल्प सुरू करताना घाईत ‘गिट ॲड .’ दिले जाते, त्यात .एन्व्ही (पासवर्डसारख्या सेटिंगची फाइल) आणि नोड_मॉड्यूल्स (बाहेरून आणलेल्या तयार कोडचे फोल्डर) आत जातात, आणि .गिटइग्नोर नंतर लिहिली जाते. म्हणून नवी ओळ लिहिण्याआधी याद्या काढून बघाव्यात.

याद्या कशा काढायच्या

ट्रॅक केलेल्या सर्व फाइली:

गिट एलएस-फाइल्स

ही यादी इंडेक्सवरून येते, डिस्कवरून नाही. त्यामुळे आपण हाताने डिलीट केलेली फाइलही इथे दिसते. शिवाय आज्ञा ज्या फोल्डरमधून दिली तिथल्या आणि त्याच्या आतल्याच फाइली मिळतात. उपफोल्डरमधून काढलेली अर्धवट यादी ‘पूर्ण यादी’ म्हणून आमच्याकडे बऱ्याचदा येते, तेव्हा रेपोच्या (प्रकल्पाच्या गिट-फोल्डरच्या) मुळाशी जाऊनच आज्ञा द्यावी.

इग्नोर झालेल्या फाइली:

गिट एलएस-फाइल्स --अदर्स --इग्नोर्ड --एक्सक्लूड-स्टँडर्ड

शेवटचा पर्याय गाळू नका. तो दिला तरच गिट .गिटइग्नोर, रेपोतली ‘.गिट/इन्फो/एक्सक्लूड’ आणि आपल्या मशीनवरची सामाईक इग्नोर फाइल या तिन्ही ठिकाणचे नियम वाचते. तो गाळला तर वरची आज्ञा सरळ त्रुटी दाखवते. नुसते ‘--अदर्स’ दिले तर उलटेच होते: नवीन फाइली आणि इग्नोर फाइली एकाच यादीत मिसळतात आणि नोड_मॉड्यूल्समधल्या हजारो नावांत कामाची चार नावे हरवतात. यादी फार लांब आली तर ‘--डिरेक्टरी’ जोडा, म्हणजे पूर्ण इग्नोर झालेले फोल्डर एका ओळीत येते. रोजच्या नजरेसाठी ‘गिट स्टेटस --शॉर्ट --इग्नोर्ड’ पुरते. त्यात दोन प्रश्नचिन्हे म्हणजे नवीन फाइल, दोन उद्गारचिन्हे म्हणजे इग्नोर केलेली.

तिसरी यादी आमच्या मते सर्वांत मोलाची आहे, आणि ती काढणारे मोजकेच:

गिट एलएस-फाइल्स --कॅश्ड --इग्नोर्ड --एक्सक्लूड-स्टँडर्ड

ट्रॅक केलेल्या, पण इग्नोरच्या नियमातही बसणाऱ्या फाइली इथे दिसतात. वरच्या प्रश्नातली फाइल हमखास याच यादीत सापडते. निरोगी रेपोत ही आज्ञा एकही ओळ छापत नाही. गिट २.३२ पासून (२०२१) ‘--इग्नोर्ड’सोबत ‘--कॅश्ड’ किंवा ‘--अदर्स’ यांपैकी एक द्यावेच लागते; जुन्या लेखांतून उचललेली आज्ञा चालत नसेल तर कारण बहुधा हेच असते.

फाइल ट्रॅकिंगमधून काढताना

गिट आरएम --कॅश्ड कॉन्फिग/.एन्व्ही

फोल्डर असेल तर ‘-आर’ जोडा आणि मग कमिट करा. ‘--कॅश्ड’ विसरलात तर फाइल डिस्कवरूनही जाते.

यापुढचा भाग मात्र सावकाश वाचावा, कारण दुरुस्तीनंतर आमच्याकडे येणारे तातडीचे फोन बहुतेक याच टप्प्यावरचे असतात. आपल्या मशीनवर फाइल जागेवर राहते. पण कमिटमध्ये नोंद होते ती ‘फाइल काढली’ अशीच. दुसऱ्या कोणी, किंवा सर्व्हरने, तो कमिट पुल केला (आपल्याकडे ओढून घेतला) की तिथली फाइल डिस्कवरून पुसली जाते. सर्व्हरवरची .एन्व्ही अशी गेली की ॲप्लिकेशनला डेटाबेसचा पत्ताच सापडत नाही आणि साइट बंद पडते. तिथे फाइलमध्ये स्थानिक बदल केलेले असतील तर गिट पुल अडवते आणि बदल ओव्हरराइट होतील असा इशारा देते. बदल नसतील तर काहीही न विचारता फाइल जाते.

म्हणून क्रम असा ठेवा: प्रत्येक सर्व्हरवर आणि प्रत्येक सहकाऱ्याच्या मशीनवर आधी त्या फाइलची प्रत रेपोच्या बाहेर काढा, मग पुल करा, मग प्रत जागेवर ठेवा. प्रत न काढता पुल झालेच असेल तर घाबरू नका. ‘गिट शो’ला जुन्या कमिटचा क्रमांक, विसर्गासारखे कोलन आणि फाइलचा मार्ग दिला की जुना मजकूर परत मिळतो.

एक धोका यानंतरही उरतो. ज्या जुन्या ब्रँचमध्ये (कोडच्या समांतर शाखेत) ती फाइल अजून ट्रॅक केलेली आहे, तिथे आपण चेकआउट केले (त्या ब्रँचवर गेलो) की गिट आपली सध्याची इग्नोर केलेली फाइल न विचारता ओव्हरराइट करते, आणि परत मुख्य ब्रँचवर आलात की ती काढूनही टाकते. इग्नोर केलेली फाइल गिटच्या दृष्टीने पुन्हा तयार करता येण्याजोगी, म्हणून टाकाऊ असते. तेव्हा चालू असलेल्या सर्व ब्रँचमध्ये दुरुस्तीचा कमिट पोहोचेपर्यंत .एन्व्हीची प्रत बाहेर जपून ठेवा.

‘गिट आरएम -आर --कॅश्ड .’ देऊन मग ‘गिट ॲड .’ करा, हा उपाय इंटरनेटवर सर्रास दिला जातो. आम्ही तो करत नाही, आपणही करू नये. त्यात सर्व फाइली इंडेक्समधून निघून नव्याने बसतात. इग्नोर असूनही मुद्दाम ‘--फोर्स’ देऊन घेतलेल्या फाइली गळतात, विंडोजवर स्क्रिप्टची एक्झिक्यूट परवानगी जाते आणि ओळींच्या शेवटांच्या सेटिंगमुळे न बदललेल्या फाइलीही बदललेल्या दिसू शकतात. तिसऱ्या यादीत आलेली नावेच काढा. बाकीच्यांना हात लावू नका.

फाइलमध्ये पासवर्ड किंवा की असेल तर ट्रॅकिंग काढून भागत नाही, कारण जुन्या कमिटमध्ये ती तशीच वाचता येते. आधी पासवर्ड बदला. इतिहास साफ करण्याचे काम त्यानंतरचे. त्याला ‘गिट फिल्टर-रेपो’ हे वेगळे साधन लागते आणि सर्वांना नव्याने क्लोन करावे (रेपोची नवी प्रत घ्यावी) लागते, म्हणून ते एकट्याने सुरू करू नका.

नियम लिहिला, तरी लागत नाही

गिट चेक-इग्नोर -व्ही फाइलचे-नाव

कोणत्या फाइलमधल्या कितव्या ओळीने नाव पकडले ते इथे कळते. पण ट्रॅक केलेल्या फाइलसाठी ही आज्ञा काहीच छापत नाही आणि पाहणाऱ्याला वाटते की पॅटर्नच, म्हणजे इग्नोरची ओळच, चुकली. ‘--नो-इंडेक्स’ जोडा, खरे उत्तर मिळेल.

पॅटर्नच खरोखर चुकलेला असेल तर आधी ओळीच्या शेवटी हॅश (#) टाकून लिहिलेली टीप शोधा. हॅश ओळीच्या सुरुवातीलाच टीप समजला जातो. मध्ये आला तर तो पॅटर्नचाच भाग होतो. दुसरे, ‘अपलोड्स/’ असे पूर्ण फोल्डर वगळले आणि खाली उद्गारचिन्ह लावून त्यातली एक फाइल परत मागितली, तर ती मिळत नाही, कारण गिट वगळलेल्या फोल्डरच्या आत डोकावतच नाही. तिथे ‘अपलोड्स/*’ लिहून मग अपवाद द्यावा. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये ‘एको’चे आउटपुट बाणाने वळवून तयार केलेली .गिटइग्नोर यूटीएफ-१६ या वेगळ्या अक्षर-साठवण पद्धतीत बनते आणि तिच्यातला एकही नियम लागत नाही. ती यूटीएफ-८ मध्ये पुन्हा सेव्ह करा. नोटपॅडने नावाच्या शेवटी गुपचूप ‘.टीएक्सटी’ चिकटवले नाही ना, हेही बघून घ्या.

‘अझ्यूम-अनचेंज्ड’ किंवा ‘स्किप-वर्कट्री’ ही खूण फाइलला लावून बदल लपवणे हा इग्नोरचा पर्याय नव्हे. ती खूण फक्त आपल्या मशीनवर राहते. ‘गिट एलएस-फाइल्स -व्ही’ दिल्यावर नावापुढे लहान रोमन अक्षर किंवा मोठा ‘एस’ दिसला तर अशी खूण कोणीतरी लावून ठेवली आहे असे समजा.

मराठी नावाच्या फाइली यादीत ‘\३४०\२४४’ अशा आकड्यांत दिसतात. फाइल बिघडलेली नसते. गिट इंग्रजीबाहेरची अक्षरे अशी छापते. ‘गिट कॉन्फिग कोअर.कोटपाथ फॉल्स’ दिले की नाव नीट वाचता येते. ‘कोटपाथ’मधला ‘पी’ मोठा लिहिण्याची प्रथा आहे, लहान चालतो.

आमच्याकडे काम देताना

वरच्या तिन्ही याद्या आम्ही काम सुरू होण्याआधीच मागतो, आणि काही ग्राहकांना हा उगाच सोपस्कार वाटतो. पण त्या पाच मिनिटांत मिळतात, आणि त्यांच्याशिवाय पुढच्या प्रत्येक मर्जमध्ये (ब्रँच एकत्र करताना) कोणाची कॉन्फिग कोणावर चढली हे शोधत बसावे लागते. तो वेळ शेवटी आपल्याच बिलात येतो. फोल्डरची झिप पाठवू नका: तिच्यात इग्नोर केलेली .एन्व्ही पासवर्डसकट येते, आणि .गिट फोल्डर सुटले असेल तर कोणती फाइल ट्रॅक केलेली होती हे कळायचा मार्गच राहत नाही. ‘गिट बंडल क्रिएट’ला फाइलचे नाव आणि ‘--ऑल’ दिले की पूर्ण इतिहास एका फाइलमध्ये येतो, आणि कमिट न केलेले काहीही त्यात जात नाही.

तिसरी यादी तपासून दुरुस्तीचा क्रम लिहून देणे, हे आम्ही नव्या ग्राहकाकडून वेगळे पैसे न घेता करतो. वार्षिक देखभालीच्या करारात हीच तपासणी बिल्डमध्ये (कोडपासून ॲप्लिकेशन तयार होण्याच्या टप्प्यात) बसवली जाते: यादीत एकही नाव आले की बिल्ड थांबते आणि त्या फाइलचे नाव आपल्याला कळवले जाते. मुद्दाम ठेवलेल्या फाइलींसाठी .गिटइग्नोरमध्ये उद्गारचिन्हाची अपवाद-ओळ घालावी, म्हणजे त्यांच्यामुळे बिल्ड अडत नाही.