भुसा, आम्ल आणि ‘स्वस्त’ या शब्दाचा घोळ

सोलापूर जिल्ह्यात गाळप सुरू झालं की साखर कारखान्याच्या आवारात भुशाचा, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याचा, डोंगर चढतो. ओलसर, आंबूस वासाचा. मूठभर हातात घेतला तर निम्मं वजन पाण्याचंच. त्याला टाकाऊ म्हणणं चूक आहे. तो बॉयलरमध्ये जातो, त्यावर वाफ आणि वीज होते. कडबाही गोठ्यात जातो. म्हणून त्यातून रसायनं काढायची तर जळणाच्या आणि चाऱ्याच्या मोलाहून जास्त काही हाती लागलं पाहिजे.

कोंडा गंधकाम्लात उकळला की फरफ्युरल नावाचं, रेझिन वगैरे बनवायला लागणारं द्रव रसायन मिळतं, हे युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच कळलं होतं. १९२२ च्या सुमारास अमेरिकेत ओटच्या टरफलांपासून त्याची कारखानदारी उभी राहिली आणि पुढे उसाचा भुसाही त्या वाटेने गेला.

खरा घोळ आहे तो ‘स्वस्त’ उत्प्रेरक या शब्दात. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ; इथे ते काम गंधकाम्ल करतं. गंधकाम्ल किलोच्या भावाने स्वस्तच. पण ते भांडी खातं, परत मिळत नाही, चुन्याने मारलं की जिप्समचा गाळ उरतो. शिवाय तयार झालेलं फरफ्युरल त्याच आम्लात काळ्या राळेत बदलतं. वाफ सोडून ते लगेच बाहेर ओढावं लागतं. जुन्या पद्धतीत जेवढं मिळायला हवं त्याच्या निम्म्याच्या आसपास पदरात पडे. पुढे फरफ्युरलपासून फाउंड्रीत वाळूचे साचे घट्ट करणाऱ्या रेझिनसाठी फरफ्युरिल अल्कोहोल बनवताना तांबं-क्रोमियमचा उत्प्रेरक रूढ झाला. पॅलेडियमसारख्या महाग धातूपेक्षा कितीतरी स्वस्त, पण वापरून झाल्यावर त्यातल्या विषारी क्रोमियमची विल्हेवाट कोणाच्या खात्यावर? माझ्या मते भाव किलोचा नव्हे, एक टन माल काढायला किती उत्प्रेरक खर्ची पडला त्याचा लावायला हवा.

२००५ मध्ये जपानी संशोधकांनी साखर अर्धवट जाळून, तिच्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून घन आम्ल, म्हणजे आम्लाचं काम करणारा पण गाळून परत घेता येणारा घन उत्प्रेरक, बनवलं. साखरेच्या जिल्ह्याला ही कल्पना जवळची वाटावी. अडचण एवढीच की त्यावर राळ साचली तर ती जाळून काढता येत नाही. उत्प्रेरकच जळून जातो. झिर्कोनियासारखी धातूंची ऑक्साइडं भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतात. २००८ मध्ये चीनमधून निकेल आणि टंगस्टन कार्बाइडच्या जोडीने सेल्युलोजपासून, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंतल्या मुख्य घटकापासून, थेट इथिलीन ग्लायकॉल हे पॉलिएस्टरसाठी लागणारं रसायन मिळाल्याचं वृत्त आलं; प्लॅटिनमची गरजच नाही.

यातले बरेच प्रयोग शुद्ध साखरेवर किंवा सेल्युलोजवर झालेत. भुसा मात्र शेतातली माती, सिलिका आणि पोटॅश घेऊन येतो, आणि पोटॅश घन आम्लाच्या कामाच्या जागा एकेक करून बुजवतं. भुसा आधी धुवायचा म्हटलं तर पाणी लागतं, आणि गाळप हंगाम संपता संपता सोलापुरात उन्हाळा लागलेला असतो.