‘नॉर्मल’चा घोळ: सीमाभागातल्या बीपीच्या सल्ल्याची पार्श्वभूमी

कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, खानापूर-निपाणीकडे, कुणाला ‘बीपी आहे’ म्हटलं की तो वाढलेलाच असतो, वेगळं सांगावं लागत नाही. घोळ होतो तो दुसऱ्या शब्दावर. नर्स यंत्र बघून ‘नॉर्मल आहे’ म्हणते, आणि म्हातारी घरी येऊन सुनेला सांगते, ‘नॉर्मल हाय म्हणाल्यात, मग गोळी कशाला?’ अर्धी पट्टी मग फडताळातल्या डब्यात तशीच पडून राहते. गोळी चालू आहे म्हणून आकडा नॉर्मल आहे, हे वाक्य तिच्यापर्यंत पोचलेलंच नसतं.

दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती 1896 ची, ठोके ऐकून वरचा-खालचा आकडा काढण्याची 1905 ची. आपल्या देशाची भर सर्पगंधेची, म्हणजे दाब उतरवणाऱ्या एका वनस्पतीची. मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाने 1949 मध्ये तिच्या मुळीच्या औषधाचे अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले. रुग्णाला तेव्हा सांगण्यासारखं फारसं नव्हतं: मीठ सोडा, आराम करा.

‘नॉर्मल’ मात्र कधी एका जागी थांबला नाही. ‘वय अधिक 100’ हा हिशेब आजही पारावर ऐकू येतो, म्हणजे सत्तरीच्या माणसाला 170 चालतो! 2003 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 120/80 च्या खाली तेवढंच नॉर्मल धरलं आणि 139/89 पर्यंतच्यांना आजाराच्या उंबऱ्यावर बसवलं. 2017 मध्ये तो उंबराच काढून 130/80 पासून थेट आजार ठरवला. तिथल्या प्रौढांपैकी 32 टक्क्यांच्या जागी 46 टक्के लोक त्यात आले. भारताच्या सरकारी कार्यक्रमाने 140/90 सोडला नाही. त्यावर वाद झाला, अजूनही होतो. पण जिथे 160 वाला माणूसच दवाखान्याची पायरी चढत नाही, तिथे 132 वाल्याला रुग्ण म्हणण्याची घाई कशाला?

त्याच 2017 मध्ये देशात रक्तदाब नियंत्रणाची मोहीम सुरू झाली. महिनाभराच्या गोळ्या गावाजवळच्या केंद्रात द्यायच्या, प्रत्येकाची नोंद ठेवायची, न आलेल्याला शोधून आणायचं. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि त्यात आपल्याला लागून असलेला सिंधुदुर्ग. कर्नाटक त्या यादीत नव्हतं. सीमेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या सोयऱ्यांना हा फरक चांगलाच जाणवला. घरोघरी तपासणीची कर्नाटक सरकारची योजना 2024 मधली.

पलीकडच्या चंदगडचा माणूस दवाखान्यासाठी बेळगावलाच येतो. त्याची फाईल इकडे, मोफत गोळी तिकडे. अलीकडच्या गावात कार्ड कन्नडमध्ये येतं. आजी मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेली, तिला त्यातले आकडे तेवढे कळतात. 15 ते 20 टक्के भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे 1956 मध्येच ठरलं होतं. आहाराचा सल्ला महत्त्वाचा नाही, असं कोण म्हणेल?

त्या सल्ल्यातही गंमत आहे. 1997 मधल्या अमेरिकेतल्या प्रयोगाने भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचं दूध यांनी दाब उतरतो हे दाखवलं. 2001 मध्ये त्याला मीठ कमी करण्याची जोड दिली, तेव्हा तो आणखी उतरला. जागतिक मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा. इकडे ताटात मीठ वाढू नका, एवढं सांगून भागवलं जातं. आजी ताटातलं मीठ काढते, आणि खर्डा, लोणचं, ताकातली सांडगी मिरची, सुकी मासळी तशीच राहते. एका आशाताईने म्हणे चुलीजवळ बसून डबे उघडायला लावले आणि मीठ किती जणांत किती दिवस पुरतं ते विचारलं. मला तरी हा कुठल्याही पत्रकापेक्षा शहाणा उपाय वाटतो.

निपाणीकडे आणखी एक भर पडते ती तंबाखूची. विड्या वळणाऱ्या बायकांत मिशरी लावून तपासणीला येणाऱ्या असतात, आणि मिशरीने दाब काही वेळ चढतो. म्हणून मोजण्याआधी अर्धा तास तंबाखू नाही, चहा नाही, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं. रांगेत पन्नास माणसं उभी असताना ती पाच मिनिटं कुणी देत नाही. आणि मग चढलेला आकडा कार्डावर जातो.